यात काय, हे तर कुणालाही सुचलं असतं!

शोध कशाला म्हणायचं आणि कशाला नाही? पेन्सिलीपासून औषधाच्या गोळीपर्यंतची गोष्ट

मित्रांनो, जरा तुमची कंपासपेटी उघडा बरं! कर्कटक, गुण्या, पट्टी बाजूला सारा आणि पेन्सिल हातात घ्या. एका टोकाला शिसं आणि दुसऱ्या टोकाला इवलंसं खोडरबर असलेली पेन्सिल तुमच्यापैकी कितीतरी जणांकडे असेल. चुकलं की पेन्सिल उलटी करायची आणि खोडायचं. किती सोपं! पण या साध्या पेन्सिलीवरून एकदा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात खटला झाला होता, असं सांगितलं तर खरं वाटेल?

प्रश्न एकच होता. पेन्सिलीला खोडरबर जोडणे हा 'शोध' आहे का?

उत्तर देण्याची घाई करू नका. आधी मनाशी एक अंदाज बांधून ठेवा आणि मग पुढे वाचा.

लिपमनची पेन्सिल

फिलाडेल्फिया नावाचं अमेरिकेतलं शहर. तिथे हायमन लिपमन नावाचे गृहस्थ कागद, पेन्सिली असल्या लेखनसाहित्याचा धंदा करत. त्यांनी पेन्सिलीच्या लाकडात एका बाजूने शिसं आणि दुसऱ्या बाजूने रबर बसवलं. शिसं झिजलं की टोक करतो, तसंच रबर झिजलं की तेही तासून घ्यायचं. या पेन्सिलीचं पेटंट त्यांना ३० मार्च १८५८ रोजी मिळालं.

पेटंट म्हणजे काय, हे थोडक्यात पाहू. तुम्ही एखादी नवी वस्तू किंवा ती बनवण्याची नवी रीत शोधून काढलीत, तर सरकार तुम्हाला एक हक्क देतं. ठरावीक वर्षं तुमच्या परवानगीशिवाय दुसऱ्या कुणालाही ती वस्तू बनवता किंवा विकता येत नाही. आपल्या देशात आज ही मुदत अर्ज केल्यापासून २० वर्षांची आहे. पण हा हक्क फुकट मिळत नाही हं! त्याच्या बदल्यात तुम्हाला तुमची युक्ती सविस्तर लिहून द्यावी लागते. ती सगळ्यांना वाचता येते. मुदत संपली की ती सगळ्यांची होते. म्हणजे हा समाज आणि संशोधक यांच्यातला एक सौदाच म्हणा ना! "तू आम्हाला तुझं गुपित सांग, आम्ही तुला काही वर्षं त्याचा लाभ घेऊ देतो."

तर लिपमन यांचं हे पेटंट जोसेफ रेकेंडॉर्फर नावाच्या व्यापाऱ्याने १८६२ मध्ये विकत घेतलं. त्यासाठी त्यांनी एक लाख डॉलर मोजले, असं सांगतात. त्या काळात ही रक्कम केवढी मोठी असेल, विचार करा! रेकेंडॉर्फर यांना वाटलं, आता ही पेन्सिल फक्त आपली. पण फेबर या पेन्सिल बनवणाऱ्याकडूनही रबर लावलेल्या पेन्सिली बाजारात येऊ लागल्या. झालं! प्रकरण न्यायालयात गेलं आणि १८७५ मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचलं.

न्यायालयाने काय म्हटलं असेल? न्यायालय म्हणालं, हा शोधच नव्हे!

का बरं? पेन्सिल आधीपासून होती. रबरही आधीपासून होतं. दोन्ही एका काठीत बसवल्यावर पेन्सिल पूर्वीसारखीच लिहिते आणि रबर पूर्वीसारखंच खोडतं. लिहिताना रबर पेन्सिलीला काही मदत करत नाही आणि खोडताना पेन्सिल रबराला काही मदत करत नाही. दोघं शेजारी शेजारी राहतात, एवढंच. सोय झाली हे खरं. पण सोय म्हणजे शोध नव्हे. एक लाखाचं पेटंट रद्द झालं!

तेच रबर, पण गोष्ट वेगळी

गंमत अशी की, याच निकालात न्यायालयाने खऱ्या शोधाचंही उदाहरण दिलं, आणि तेही रबराचंच!

पूर्वी रबर हा मोठा लहरी पदार्थ होता. उन्हाळा आला की चिकट व्हायचा, हिवाळा आला की कडक होऊन तडकायचा. अमेरिकेतल्या चार्ल्स गुडइयर यांनी वर्षानुवर्षं खटपट केली. शेवटी १८३९ मध्ये त्यांच्या ध्यानात आलं, की रबरात गंधक मिसळून ते तापवलं तर ते ना चिकट होतं ना तडकतं. १८४४ मध्ये त्यांना याचं पेटंट मिळालं. आज सायकलच्या टायरपासून पावसाळी बुटांपर्यंत सगळीकडे जे रबर आपण वापरतो, त्याच्या मुळाशी हीच रीत आहे.

आता तुलना करा. गंधक जुनंच, रबरही जुनंच. लिपमन यांनीही दोन जुन्या वस्तू एकत्र केल्या आणि गुडइयर यांनीही. मग फरक कुठे पडला? गंधक आणि रबर एकत्र तापवल्यावर असा तिसराच गुण जन्माला आला, जो एकट्या गंधकात नव्हता आणि एकट्या रबरातही नव्हता. पेन्सिलीच्या बाबतीत एक आणि एक मिळून दोनच झाले. गुडइयर यांच्या बाबतीत एक आणि एक मिळून अकरा झाले!

तीन चाळण्या

पेटंट मागायला आलेली प्रत्येक कल्पना तीन चाळण्यांतून जाते.

पहिली चाळणी : ही वस्तू किंवा रीत नवी आहे का? जगात कुठेही ती आधी छापली गेली, वापरली गेली असेल तर अर्ज बाद.

दुसरी चाळणी : ती उपयोगाची आहे का? उद्योगात ती बनवता किंवा वापरता येते का?

तिसरी चाळणी सगळ्यात बारीक : त्या कामातल्या जाणकार माणसाला ती सहज सुचण्यासारखी तर नाही ना? सहज सुचण्यासारखी असेल, तर नवी असूनही बाद! या तिसऱ्या अटीला आपण 'कल्पकतेची पायरी' म्हणू. कालपर्यंत जग जिथे उभं होतं, तिथून तुम्ही एक खरीखुरी पायरी वर चढलात का, हे त्यात पाहतात.

पहिल्या चाळणीत अडकलेली आपल्या घरातली गोष्ट म्हणजे हळद. १९९५ मध्ये अमेरिकेत जखम बरी करण्यासाठी हळद वापरण्याचं पेटंट दिलं गेलं. अहो, पडून गुडघा फुटला की आजी काय लावते? आपल्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने त्याला आव्हान दिलं. त्या वेळी परिषदेचे प्रमुख होते गोव्यातल्या माशेल गावात जन्मलेले डॉ. रघुनाथ माशेलकर. परिषदेने जुने लेख आणि ग्रंथ पुरावे म्हणून पुढे ठेवले आणि १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झालं. ही गोष्ट नवी नव्हतीच मुळी.

पण आपला आजचा विषय तिसरी चाळणी आहे. तिची सुरुवात कशी झाली माहीत आहे? दाराच्या मुठीपासून! अमेरिकेत हॉचकिस आणि त्यांच्या सोबत्यांनी दाराच्या मुठी चिनी मातीच्या बनवण्याचं पेटंट घेतलं होतं. तोवर मुठी धातूच्या, लाकडाच्या असत. मुठीचा आकार जुना, ती दांडीला बसवण्याची रीत जुनी, चिनी मातीही जुनी. बदललं काय, तर फक्त साहित्य. १८५१ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की, एखाद्या सामान्य कसबी कारागिराच्या अंगी जेवढं कौशल्य असतं, त्याहून जास्त काही यात दिसत नाही. हे चांगल्या कारागिराचं काम आहे, संशोधकाचं नव्हे.

'जाणकार' म्हणजे कोण?

इथे तुम्ही विचाराल, "सहज सुचणारं म्हणजे कुणाला सहज सुचणारं?" अगदी बरोबर प्रश्न! मला विजेच्या मोटारीतलं काही कळत नाही. मला त्यातलं काहीच सुचणार नाही. म्हणून काय मोटारीतला प्रत्येक बदल शोध ठरेल? आणि उलट, आइनस्टाइनसारख्या माणसाला विचारलं तर त्यांना सगळंच सहज वाटेल. मग काहीच शोध ठरणार नाही!

म्हणून कायद्याने मधला माणूस निवडला. तो त्या धंद्यातला आहे. त्याला धंद्यातली हत्यारं, साहित्य, नेहमीच्या युक्त्या माहीत आहेत. त्या विषयावर छापलेलं सगळं त्याला ठाऊक आहे असं धरायचं. तो हुशार आहे, पण अलौकिक नाही. भांड्यांचा प्रश्न असेल तर पुण्याच्या तांबट आळीतला एखादा मुरलेला कारागीर डोळ्यांपुढे आणा. औषधाचा प्रश्न असेल तर औषधं तयार करणारा रसायनतज्ज्ञ. त्याच्यासमोर अडचण ठेवायची, पण नवी वस्तू मात्र दाखवायची नाही. आणि विचारायचं, "काय हो, तुम्ही काय केलं असतं?" तो जर "त्यात काय, असं केलं की झालं!" म्हणून तीच वस्तू सांगणार असेल, तर पेटंट नाही.

भांडी उडायची थांबली, तरीही...

भांड्यांचं उदाहरण मी उगीच दिलं नाही. आपल्या देशात या विषयावरचा सगळ्यात गाजलेला निकाल भांड्यांचाच आहे!

उत्तर प्रदेशातल्या मिर्झापूरला हिंदुस्तान मेटल इंडस्ट्रीज नावाचा पितळी भांडी बनवणारा कारखाना होता. भांडं घासून-तासून चकचकीत करायचं तर ते लेथवर बसवून गरागरा फिरवावं लागतं. जुन्या रीतीत भांडं एकाच बाजूने चिकटवलेलं किंवा पकडलेलं असे. फिरता फिरता ते सुटून उडायचं. कामगारांना धोका! म्हणून या कारखान्याच्या एका भागीदाराने १९५१ मध्ये भांडं दोन्ही बाजूंनी दाबून घट्ट धरणारं साधन केलं आणि त्याचं पेटंट घेतलं. दुसऱ्या एका कारखान्याने तशीच रीत वापरली, तेव्हा वाद सुरू झाला.

कितीतरी वर्षं हा खटला चालला. एका न्यायाधीशांनी पेटंट रद्द केलं, वरच्या पीठाने ते पुन्हा कायम केलं, आणि अखेर १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते रद्दच ठरवलं. कारण? लेथच्या दुसऱ्या टोकाने वस्तू दाबून धरण्याची युक्ती त्या धंद्यात आधीपासून माहीत होती. पेटंटवाल्यांनी तिच्यात थोडी भर घातली होती. न्यायालयाने सांगितलं, अशी भर ही कारखान्यात रोज होणारी सुधारणा आहे. कुशल कारागीर आपल्या कामात अशा सुधारणा करतच असतो. जुने भाग नुसते शेजारी मांडून चालणार नाही. ते एकमेकांशी मिळून काम करणारे हवेत आणि त्यातून काहीतरी नवं किंवा सरस निघायला हवं.

"पण बाई, भांडी उडायची थांबली ना? मग चांगलंच काम केलं की त्यांनी!" असं कुणीतरी म्हणेल. खरं आहे. काम चांगलंच होतं. पण विचार करा, प्रत्येक कारखान्यात रोज कुणीतरी स्क्रू थोडा पुढे सरकवतो, पट्टी थोडी लांब करतो. अशा प्रत्येक गोष्टीला २० वर्षांचं कुलूप लागलं तर? गावातल्या लोहाराला विळ्याची मूठ बदलायची तरी परवानगी काढावी लागेल! रोजच्या सुधारणा सगळ्यांना मोकळ्या राहाव्यात, म्हणून ही तिसरी चाळणी एवढी बारीक ठेवली आहे.

अंडं उभं राहिलं तेव्हा

मात्र या चाळणीत एक मोठा धोका आहे. तो मला माझ्या वर्गात दिसला.

आमच्या चौथीच्या वर्गात एकदा 'नवी वस्तू सुचवा' असा तास घेतला. खडूचे अगदी छोटे तुकडे हातात धरता येत नाहीत आणि वाया जातात, ही अडचण दिली. दहा मिनिटं सगळे गप्प. मग शेवटच्या बाकावरची एक मुलगी उठली. तिने सुकलेल्या स्केचपेनचं मागचं बूच काढून नळीत खडूचा तुकडा खोचला आणि फळ्यावर रेघ ओढून दाखवली. लगेच वर्गात गलका झाला, "बाई, यात काय, हे तर मलाही सुचलं असतं!"

मी विचारलं, "मग दहा मिनिटं का नाही सुचलं?" सगळे हसले.

कोलंबसच्या अंड्याची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. "अमेरिका शोधणं काय अवघड होतं? पश्चिमेकडे गेलं की झालं," असं लोक म्हणू लागले. कोलंबसने त्यांना अंडं टोकावर उभं करायला सांगितलं. कुणालाच जमेना. मग त्याने अंड्याचं टोक हलकेच आपटून चेपलं आणि अंडं उभं राहिलं. "हे तर आम्हीही केलं असतं!" लोक म्हणाले. "केलं का नाहीत?" कोलंबस म्हणाला. गोष्ट खरी असो वा नसो, मर्म खरं आहे. उत्तर दिसल्यावर प्रत्येक कोडं सोपं वाटतं. उखाण्याचं उत्तर कळल्यावर "हॅत्तिच्या, एवढंच!" असं आपण म्हणतोच ना?

म्हणून पेटंट तपासणाऱ्याला डोळ्यांवर पट्टी बांधल्यासारखं करून मागे जावं लागतं. अर्ज आला त्या दिवशी लोकांना काय माहीत होतं, एवढंच धरून विचार करावा लागतो. आणि काही खुणाही शोधाव्या लागतात. ही अडचण बरीच वर्षं लोकांना छळत होती का? इतरांनी प्रयत्न करून हात टेकले होते का? आणि सगळ्यात मोठी खूण म्हणजे, जाणकारच "असं कधी होणारच नाही" म्हणत होते का?

"हे चालणारच नाही!"

या शेवटच्या खुणेची एक छान गोष्ट आहे. अमेरिकेत बर्ट ॲडम्स नावाचे संशोधक होते. त्यांनी एक बॅटरी बनवली. तिच्यात एका बाजूला मॅग्नेशियम आणि दुसऱ्या बाजूला तांब्याचा एक क्षार. बॅटरी कोरडी ठेवायची, हवी तेव्हा आत पाणी ओतायचं, की वीज सुरू! १९४१ मध्ये त्यांनी अर्ज केला आणि १९४३ मध्ये पेटंट मिळालं.

तेव्हा दुसरं महायुद्ध चालू होतं. ॲडम्स यांनी ही बॅटरी सैन्याला दाखवली. सैन्याच्या तज्ज्ञांचा आधी विश्वासच बसला नाही. पण पुढे त्याच सैन्याने तशा बॅटऱ्या बनवून घेतल्या, आणि तेही ॲडम्स यांना न कळवता! त्यांना हे कळलं १९५५ मध्ये. त्यांनी मोबदला मागितला. सरकारने म्हटलं, यात शोध काय? मॅग्नेशियम जुनं, तांब्याचा क्षार जुना, पाणी तर जुनंच!

१९६६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ॲडम्स यांच्या बाजूने निकाल दिला. दोन्ही पदार्थ वेगवेगळे माहीत होते हे खरं. पण अशा बॅटरीत पाणी घातलं की ती तापत जाते आणि एकदा सुरू झाली की थांबवता येत नाही, म्हणून जाणकार माणूस त्या वाटेला गेलाच नसता. सगळे "इकडे जाऊ नका" म्हणत असताना ॲडम्स तिकडेच गेले आणि त्यांना उपयोगाची वस्तू सापडली. तज्ज्ञच आधी "होणार नाही" म्हणाले होते. मग ते सहज सुचणारं कसं?

पाहा, पेन्सिल आणि बॅटरी दोन्हींत जुन्याच वस्तू जोडलेल्या. एकीचं पेटंट गेलं, दुसरीचं राहिलं.

एका गोळीसाठी

आता तुम्हाला वाटेल, पेन्सिल काय, बॅटरी काय, हे व्यापाऱ्यांचे वाद. आपल्याला त्याचं काय? मग ही शेवटची गोष्ट लक्ष देऊन वाचा. ती आपल्या मुंबईशी जोडलेली आहे.

क्षयरोग, म्हणजे टीबी, तुम्हाला ठाऊक आहे. नेहमीची औषधं नीट घेतली तर तो बरा होतो. पण काही रोग्यांमधले जंतू नेहमीच्या औषधांना दाद देत नाहीत. अशा रोग्यांना पूर्वी महिनोन्‌महिने इंजेक्शनं घ्यावी लागत. त्यांचा एक भयंकर परिणाम म्हणजे काहींना कायमचं ऐकू येईनासं होई. पुढे बेडाक्विलिन नावाची गोळी आली. २०१२ मध्ये अमेरिकेत तिला मान्यता मिळाली. टीबीसाठी अगदी नव्या प्रकारचं औषध कितीतरी दशकांनी मिळालं होतं.

या औषधाच्या मूळ रेणूचं पेटंट जॉन्सन अँड जॉन्सन या कंपनीकडे होतं. तो शोध खराच होता, त्याबद्दल वाद नव्हता. ते पेटंट भारतात जुलै २०२३ मध्ये संपणार होतं. त्यानंतर इतर कंपन्यांना ही गोळी बनवता आली असती. पण कंपनीने आणखी एक अर्ज केला होता. त्यात त्याच औषधाचा एक क्षार आणि त्याची गोळी यांवर हक्क मागितला होता. तो मिळाला असता, तर कुलूप २०२७ पर्यंत राहिलं असतं.

आपल्या कायद्यात एक सुंदर सोय आहे. पेटंट देण्यापूर्वी कुणीही, अगदी कुणीही, त्याला लेखी हरकत घेऊ शकतं. २०१९ मध्ये दोन तरुणींनी हरकत घेतली. मुंबईच्या नंदिता वेंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा तिसिले. दोघींनाही टीबी झाला होता. दोघी त्यातून वाचल्या, पण जुन्या औषधांनी दोघींचंही ऐकू येणं हिरावून घेतलं होतं. आपल्यावर आली ती वेळ दुसऱ्यांवर येऊ नये, नवी गोळी जास्त लोकांना स्वस्तात मिळावी, म्हणून त्या उभ्या राहिल्या.

त्यांच्या बाजूचं म्हणणं आता तुम्हीही सांगू शकाल. औषध शरीरात नीट विरघळावं म्हणून त्याचा क्षार बनवणं, ही औषधं बनवणाऱ्यांची नेहमीचीच रीत आहे. जाणकार रसायनतज्ज्ञाला ते सहज सुचेल. मग यात वरची पायरी कुठे आहे? मार्च २०२३ मध्ये भारताच्या पेटंट कार्यालयाने कंपनीचा अर्ज नाकारला. नाकारण्याच्या कारणांत कल्पकतेची पायरी नसणं हेही होतं. जुलैमध्ये मूळ पेटंट संपलं आणि दुसऱ्यांना ही गोळी बनवण्याची वाट मोकळी झाली.

आता कळलं ना, "हे सहज सुचण्यासारखं आहे का?" हा साधासा वाटणारा प्रश्न किती मोलाचा आहे? खऱ्या संशोधकाला मान आणि मोबदला मिळायलाच हवा. वर्षानुवर्षं खपून, पैसा ओतून कुणी नवं औषध शोधलं आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी ते उचललं, तर पुढचं औषध कोण शोधेल? पण किरकोळ बदलावर जर कुणी कुलूप घालू लागला, तर किंमत रोगी मोजतो. तराजूची दोन्ही पारडी सांभाळायचं काम ही तिसरी चाळणी करते.

ओळखा पाहू!

खालच्या वस्तूंपैकी कशात कल्पकतेची पायरी आहे, ते आधी स्वतः ठरवा. मग उत्तरं वाचा.

१. दांड्यात विजेरी बसवलेली छत्री.
२. पत्र्याऐवजी प्लॅस्टिकची बादली, आकार तोच.
३. दप्तराची आणि बुटांची 'चर्र' आवाज करत उघडणारी चिकटपट्टी. स्वित्झर्लंडचे जॉर्ज द मेस्ट्राल कुत्र्याला घेऊन फिरायला गेले असताना कपड्यांना आणि कुत्र्याच्या केसांना काटेरी बोंडं चिकटली. त्यांनी ती सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली, तर प्रत्येक काट्याच्या टोकाला आकडा! त्यावरून त्यांनी आकडे आणि फासे असलेल्या दोन पट्ट्या केल्या.

उत्तरं : (१) नाही. छत्री पाऊस अडवते, विजेरी उजेड देते. दोघी आपापलं जुनंच काम करतात. आपल्या कायद्यात तर स्पष्ट म्हटलं आहे, की माहितीतली साधनं नुसती एकत्र मांडली आणि प्रत्येक आपलं काम वेगळंच करत राहिलं, तर तो शोध नव्हे. (२) नाही. दाराची मूठ आठवा. (पण अमुक प्लॅस्टिक उन्हात फुटतं म्हणून कुणी न फुटणारं नवं मिश्रण शोधलं, तर त्या मिश्रणाचा विचार वेगळा होईल.) (३) होय. काटेरी बोंडं जगात सगळ्यांच्याच कपड्यांना चिकटत आली आहेत. पण त्यावरून बटणाची आणि चेनची जागा घेणारी पट्टी करावी, हे कुणाला सुचलं नव्हतं. त्यांच्या या पट्टीला १९५० च्या दशकात पेटंटही मिळालं.

पालकांसाठी दोन शब्द

विज्ञान प्रदर्शन जवळ आलं की बाजारातून तयार प्रतिकृती आणायची धावपळ घरोघरी चालते. ती एकदा थांबवून पाहा. मुलाला घरातली एक खरी अडचण द्या. गळणारा नळ, डब्यातून सांडणारी आमटी, आजोबांच्या हातून निसटणारी काठी. त्याला सुचलेला उपाय ऐकल्यावर "यात काय विशेष?" असं चटकन म्हणू नका. त्याऐवजी विचारा, "याआधी लोक काय करत होते? तू त्यात कोणती भर घातलीस? त्या कामातल्या माणसाला हे सुचलं असतं का?" मग शेजारच्या सुताराला, प्लंबरला, दवाखान्यातल्या ताईंना नेऊन दाखवा. ते काय म्हणतात ते मुलाला स्वतःच्या कानांनी ऐकू द्या. "हे आम्ही रोज करतो," असं ते म्हणाले तर मुलाला नवी माहिती मिळेल. ते क्षणभर गप्प झाले आणि मग म्हणाले, "अरे, हे आम्हाला कसं सुचलं नाही?" तर मात्र काळजीपूर्वक पुढचा विचार करा. पेटंट कार्यालय आपल्या मुंबईतही आहे. आणि एक ध्यानात ठेवा, साधारणपणे आधी अर्ज आणि मग प्रदर्शन. आधीच सगळ्यांना दाखवलेली गोष्ट 'नवी' राहत नाही.

मुलांनो, तुमच्यासाठी गृहपाठ अगदी सोपा आहे. या आठवड्यात घरात, शाळेत, रस्त्यावर लोकांना रोज छळणारी एक अडचण वहीत लिहा. तिच्यावर पहिला सुचेल तो उपाय लिहा आणि त्याच्यावर काट मारा, कारण तो बहुतेक सगळ्यांनाच सुचलेला असतो! दुसराही लिहा, त्यावरही काट मारा. मग तिसरा शोधा. लिहिताना चुकलं तर आहेच की पेन्सिलीच्या मागचं रबर!